कलम

गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात 'शब्द एक, अर्थ अनेक' शिकवत होतो. फळ्यावर 'कलम' लिहिलं आणि अर्थ विचारले. उर्दूच्या तासाची सवय असलेल्या मुलांनी लगेच सांगितलं, लेखणी. वाडीवाल्यांच्या घरातला एक मुलगा म्हणाला, हापूसचं कलम. मागच्या बाकावरची एक मुलगी थोडी थांबून म्हणाली, "सर, पोलिसात लावतात ते कलम." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. ती मुलगी ज्या मोहल्ल्यातून येते, तिथल्या एका घराला लागलेलं कलम मला पाठ आहे. त्या घराबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होतो. घरच्यांची परवानगी घेऊन आज लिहितो आहे. नावं आणि गाव मात्र लिहिणार नाही.

आमच्या किनाऱ्यावर मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत क्वचितच असं मुसलमान घर असेल, ज्यातलं कुणी जहाजावर किंवा आखातात गेलेलं नाही. हा मुलगाही गेला होता. कधीकाळी माझ्याच वर्गात होता, अक्षर फार सुंदर. चार वर्षांनी परत आला तो गप्प गप्पच. रात्री झोपेना. पंखा बंद करून अंधारात बसायचा. शेजारच्या भिंतीला कान लावायचा. घरच्यांनी दर्ग्यावर नेलं, तावीज बांधला, दम केलेलं पाणी पाजलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तपासून इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी घेऊन त्याची आई माझ्याकडे आली. आम्ही तिला खाला म्हणतो. तिला उर्दू वाचता येतं, इंग्रजी नाही. "मास्तर, यात काय लिहिलंय ते नीट सांगा," म्हणाली. चिठ्ठीत तीनच ओळी होत्या. सायकोसिसची शंका, मानसोपचारतज्ज्ञाकडे लवकर न्यावं, घरात एकटं ठेवू नये.

खालाच्या मागे तिची मुलगी उभी होती. तिचं लग्न ठरत होतं. मी त्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणालो, "दिमाग़ी कमज़ोरी आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवा, सवडीने." 'लवकर'चं मी 'सवडीने' केलं. शेवटची ओळ वाचलीच नाही. मी चांगुलपणा करतो आहे असंच मला वाटत होतं. वीस वर्षं भाषा शिकवणाऱ्या माणसाने भाषांतरात केलेली ही चूक आहे.

दोन महिन्यांनी एका पहाटे, फजरच्या अज़ानच्या आधी, त्याने शेजाऱ्यावर कोयत्याने वार केला. शेजारी नळावर पाणी भरत होता. त्याने हात आडवा घातला म्हणून जीव वाचला. हात वाचला, पण दोन बोटं कायमची वाकडी राहिली. मुलगा पळाला नाही. कोयता बाजूला ठेवून ओट्यावर बसून राहिला आणि आलेल्या लोकांना म्हणाला, आता आवाज बंद होईल.

त्याला पोलिसांनी नेलं तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "वेड पांघरून पेडगावला चाललाय." पुढच्या काही वर्षांत मी जे वाचलं आणि पाहिलं त्याचं मूळ या वाक्यात होतं. वेड खरं की पांघरलेलं? हे कोणी ठरवायचं? आणि ठरवणाऱ्याने स्वतः कसं वागायचं?

वकिलांनी सांगितलं, भारतीय दंड संहितेचं कलम ८४ आपल्या कामाचं आहे. (आता ती संहिता गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे आणि हीच तरतूद तिच्या कलम २२ मध्ये आहे.) अर्थ साधा आहे. कृत्य करताना मन ठिकाणावर नसल्यामुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे ज्याला कळूच शकत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. फक्त आजार असणं पुरत नाही. त्या वेळी, त्या कृत्याबाबत समज हरवलेली असावी लागते. आणि ते दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो.

या कलमामागे लंडनमधली एक गोळी आहे. जानेवारी १८४३ मध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या स्कॉटिश कारागिराने एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव होते, आणि आपण पील यांनाच मारतो आहोत असं मॅक्नॉटनला वाटलं असं मानलं जातं. सत्ताधारी पक्षाचे लोक आपला रात्रंदिवस पाठलाग करतात, अशी त्याची पक्की समजूत होती. काही दिवसांत ड्रमंड गेले. खटल्यात डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. आयझॅक रे या अमेरिकन डॉक्टरने वेड आणि कायदा यांवर १८३८ साली लिहिलेल्या ग्रंथाचा बचावाच्या वकिलांनी आधार घेतला. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं आणि तो उरलेलं आयुष्य वेड्यांच्या इस्पितळात राहिला. इंग्लंडात संतापाची लाट आली, राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली. लॉर्डांच्या सभेने न्यायाधीशांना प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून जे नियम झाले ते मॅक्नॉटनचे नियम. १८६० साली आपली दंड संहिता मंजूर झाली, तेव्हा हाच विचार कलम ८४ म्हणून आला. त्याच काळात सरकारने वेड्यांबाबतचे कायदे केले. पुढे रत्नागिरीला १८८६ साली आणि ठाण्याला १९०१ साली मनोरुग्णालयं उभी राहिली. आम्हा कोकणातल्या माणसांना 'ठाण्याला पाठवला' याचा वेगळा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पण हा विचार इंग्रजांच्या जहाजातून प्रथमच इथे उतरला असं मी मानत नाही. मदरशात शिकलेल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं की तीन माणसांच्या नावे हिशेब लिहिला जात नाही: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि अक्कल हरवलेला ती परत येईपर्यंत. हदीसमध्ये यासाठी जो शब्दप्रयोग आहे त्यात कलम, म्हणजे लेखणी, उचलली जाते. हज़रत उमर यांच्यासमोर एका वेड लागलेल्या बाईला शिक्षेसाठी आणलं होतं, तेव्हा हज़रत अलींनी त्यांना याच गोष्टीची आठवण करून दिली आणि तिला सोडलं गेलं, अशी रिवायत आहे. एकीकडे उचललेली कलम आणि दुसरीकडे कलम ८४. माझ्या दोन भाषा या एका शब्दावर येऊन भेटतात.

'मजनून' हा शब्दही मी पुन्हा नीट पाहिला. त्याचं अरबी मूळ झाकणं, लपवणं या अर्थाचं आहे. त्याच मुळातून जिन्न येतो, कारण तो दिसत नाही. जनीन येतो, म्हणजे आईच्या पोटात लपलेला गर्भ. जन्नतही येते, झाडांनी झाकलेली बाग. मजनून म्हणजे ज्याच्या अकलेवर काहीतरी झाकण आलं आहे तो. अक्कल नष्ट झालेली नाही, झाकली गेली आहे. मला हा अर्थ 'वेडा'पेक्षा दयाळू वाटतो.

तरी दया पुरत नाही, हे मुंबईच्या रमण राघवच्या खटल्यावरून कळतं. १९६८ साली पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांचे खून करणारा हा माणूस ऑगस्टमध्ये पकडला गेला. त्याच्या नावाने मुंबई रात्र रात्र जागली होती. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला तेव्हा बचाव पक्षाने त्याचं मन ठिकाणावर नसल्याचं सांगितलं. पोलीस सर्जनने त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवलं आणि मत दिलं की त्याला मनोविकृती नाही, स्मरणशक्ती ठीक आहे, त्याला सगळं कळतं. नायर रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाने तुरुंगात जाऊन त्याच्याशी पाच वेळा दीर्घ बोलणं केलं आणि मत दिलं की त्याला जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. माणूस तोच, तुरुंगही तोच, पण मतं दोन. जग दोन आहेत, त्यांतलं एक 'कानून'चं आणि आपण त्या 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, असं तो सांगत असे. ज्याला कायदा कळतो की नाही याचा निवाडा करायचा होता, त्याच्या भ्रमाचं नावच कानून होतं.

सत्र न्यायालयाने त्याला फाशी दिली. उच्च न्यायालयाने मात्र ती कायम करण्याआधी तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. मंडळाने तो आजारी असल्याचं सांगितलं. अखेर १९८७ साली फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला. मी हे वाचलं तेव्हा मला आधी मेलेल्यांची आठवण झाली. त्यांतल्या कितीजणांची नावंही कुणाला आठवत नाहीत. पण समाज सर्वांत जास्त संतापलेला असतानाही न्यायालयाने 'थांबा, आधी नीट तपासा' म्हटलं, ही या विद्येची मला कळलेली पहिली नीती.

दुसरी मी स्वतः पाहिली. आमच्या मुलाचा खटला सुरू होण्याआधी प्रश्न आला की तो खटल्याला सामोरा जाण्याच्या अवस्थेत तरी आहे का. हा प्रश्न कलम ८४ पेक्षा वेगळा आहे. एक त्या पहाटेबद्दलचा, दुसरा आजबद्दलचा. आज त्याला वकिलाशी बोलता येत नसेल, आरोप कळत नसेल, तर खटला थांबवून उपचार करावे लागतात. तपासणी करणाऱ्या डॉक्टर विदर्भातल्या होत्या. मुलगा आजारात फक्त आमच्या कोकणी बोलीत, मध्ये मध्ये उर्दू मिसळून बोलायचा. म्हणून दुभाषा म्हणून मला बसू दिलं.

डॉक्टरांचं पहिलं वाक्य होतं, "त्याला सांगा, आज मी त्याच्यावर उपचार करायला आलेली नाही. न्यायालयाने मला पाठवलंय. तो जे बोलेल ते मी लिहून न्यायालयाला देणार आहे. नको असेल तर त्याने बोलू नये."

माझी जीभ अडखळली. डॉक्टरला पाहून मुलाच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली होती, असं मला वाटलं. हे सांगितलं तर ती जाईल. पुन्हा तोच मोह: थोडं मऊ करून सांगू, 'डॉक्टरबाई आल्यात, बोल.' चिठ्ठीच्या वेळी मी हेच केलं होतं. या वेळी मी शब्दाला शब्द सांगितलं. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लिहू देत. कुणीतरी लिहायलाच पाहिजे."

नंतर डॉक्टरांनी मला समजावलं. एरवी डॉक्टर रुग्णाचा असतो, इथे त्याला न्यायालयाचं काम आहे. ज्याच्यासमोर पांढरा कोट बसतो तो माणूस सवयीने मन उघडतो. त्याला न सांगता त्या विश्वासाचा उपयोग करणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. म्हणून आधी सांगायचं, जे दिसलं तेवढंच लिहायचं, आणि ज्याने बोलावलं त्याला हवं ते नाही तर खरं ते लिहायचं. या विद्येचा गैरवापरही जगाने पाहिला आहे. सोव्हिएत रशियात सरकारवर टीका करणाऱ्यांना स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारून इस्पितळात डांबलं जात होतं. आपल्याकडे नार्को चाचण्यांचा सुकाळ झाला होता, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही असा निकाल दिला.

तपासणीत जिन्नाचा विषय निघाला. शेजाऱ्याने आपल्यावर जिन्न सोडला आहे, तो मिक्सरच्या आवाजातून आपलं नाव घेतो, असं मुलगा म्हणाला. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून मला विचारलं, "तुमच्या मशिदीतल्या चार माणसांना यातलं काय विचित्र वाटणार नाही आणि काय वाटेल?" इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, जिन्न असतात हे आमच्या ईमानचा भाग आहे, त्यात वेड नाही. मिक्सरमधून नाव ऐकू येणं कुणालाही पटणार नाही. खुद्द त्याच्या आईलाही पटलं नव्हतं. त्यांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या. माझ्या धर्माला त्यांनी आजार म्हटलं नाही आणि त्याच्या आजाराला धर्म म्हणून सोडून दिलं नाही.

मग त्यांनी ती जुनी चिठ्ठी काढली. विचारलं, "'लवकर न्या' लिहिलेलं असताना दोन महिने का गेले?" वकिलांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की चिठ्ठी वाचून दाखवली एवढंच बोला. खाला बाहेर बाकावर बसलेली होती. मी सांगितलं, "बाई, मी ती चुकीची वाचून दाखवली." सगळं सांगितलं, मुलीच्या लग्नासकट. वाटलं, त्या मला झापतील. त्यांनी फक्त लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बरं केलंत. नाहीतर घरच्यांना कळूनही त्यांनी नेलं नाही, किंवा आजार एवढा नव्हताच, असा अर्थ निघाला असता." माझं खोटं त्या कुटुंबाच्या नावावर जमा होणार होतं, ते माझ्या नावावर आलं. हे खालाला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, मला वाचता आलं असतं तर मी तुमच्याकडे आले असते का?"

तो खटला चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. त्याला मनोरुग्णालयात पाठवलं, औषधं सुरू झाली. आवाज हळूहळू बंद झाले आणि पहाटेचं सगळं त्याला आठवायला लागलं. तेव्हा तो सर्वांत जास्त रडला. मग खटला चालला आणि कलम ८४ लागू झालं. भावाने हमी दिल्यावर त्याला घरी आणता आलं.

सगळ्यांचं असं होत नाही. आसामचे मचल लालुंग १९५१ साली पकडले गेले, खटला न चालताच ५४ वर्षं बंदिस्त राहिले आणि २००५ साली सुटले. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला, तेव्हा १९९३ साली कोर्टाला सांगावं लागलं की कुठलाही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनेच्या विरुद्ध आहे. गुन्ह्यातून सुटणं आणि भिंतीतून सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर कुणी वाट पाहणारं नसेल तर दुसरी होत नाही.

२०१९ साली महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याला शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून त्याला मरेपर्यंत कारावास दिला. निकालपत्रात त्याचं नाव नाही, फक्त 'आरोपी एक्स'. आजाराची गोपनीयता त्याच्याही वाट्याला आली. मी इथे नावं का लिहीत नाही, त्याचं कारण मला तिथे सापडलं.

शेजारी मात्र या सगळ्यात कुणाच्या कलमात बसत नाही. मी त्याच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "त्याला फाशी व्हावी असं मला कधीच वाटलं नाही. माझ्याच मांडीवर खेळलेला पोरगा. पण तुम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. भिंत माझ्या घराची होती ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजाऱ्याची अब्रू झाकावी हे खरं, पण त्या झाकण्याने दुसऱ्याचा हात तुटला हेही खरं. मी माफी मागितली. त्याने चहा दिला, वाकड्या बोटांनी कप धरून.

आता महिन्यातून एकदा खाला औषधांची चिठ्ठी घेऊन येते. मी प्रत्येक शब्द वाचतो. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, रात्री की सकाळी, पुढची तारीख आणि आजाराचं नावही. पहिल्या वेळी तो शब्द तिने उर्दूत लिहून मागितला. मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. तिने तो बोट ठेवून दोनदा वाचला, सा-य-को-सिस, आणि पान घडी करून कमरेला खोवलं.